खाणारं नको

बोरिवलीत हेमांगीच्या कॉलेजजवळ परवडणारी अशी ती एकच खोली होती, आणि घरमालकीणबाईंची अटही एकच होती. मासे खाणारं कुणी नको. म्हणून मुरब्याहून निघतानाच हेमांगीनं आईला बजावलं होतं, "आये, तू नुसतं हसायचं." जन्मभर पालघरच्या बाजारात मासळी विकलेली नलू चंदनाच्या साबणानं दोनदा आंघोळ करून आली होती.

"मासे? नाय वो बाय, वास पन सोसत नाय आमाला," नलूनं हसत हसत ठोकून दिलं. आता किल्ली मिळणार, एवढ्यात दारात मासेवाला आला. मालकीणबाईंनी नाक दाबून मांजरीसाठी एक बांगडा मागितला. नलूचा हात आपसूक पुढं गेला आणि कल्ला उचलून बघत ती कडाडली, "ह्यो परवाचा हाय! मांजरीला मारतोस काय रं?"

हेमांगीनं डोळेच मिटून घेतले.



"तरीच चार दिवस माझी मनी तोंड लावत नाहीये!" नलूच्या हातात किल्ली कोंबत मालकीणबाई म्हणाल्या. "अहो, खाणारं नको म्हटलं होतं मी, पारखणारं कुठं नको म्हटलं?"