बिनबर्फाचा ग्लास

मिक्सरमध्ये बर्फ टाकायला मुलीचा हात गेला आणि आईने तो मनगटाशीच धरला.

"अगं, बर्फ नको! वितळला की पाणी, आणि पाणी झालं की ठसका. परवाचा विसरलीस?"

मुलगी ओशाळली. कॉफीहाऊसमध्ये ती सहा वर्षं रोज मिल्कशेकचे शंभरेक ग्लास बनवत होती. बर्फ आधी, फळ मागून, हे हातात मुरलेलं. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांना पातळ काही चालत नव्हतं, सरळ श्वासनलिकेत जायचं. घट्टच हवं. आणि आईने वाटून दिलेल्या भाज्या ते जिभेने बाहेर ढकलायचे. आज पाचला सिस्टर येणार होत्या. ग्लासभर काही तोंडाने गेलं तर ठीक, नाहीतर उद्या नाकातून नळी. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता.

तिने बर्फाऐवजी गोठवलेलं केळं घेतलं, आंब्याच्या फोडी घेतल्या, घट्ट दही घातलं. मिक्सर रडतखडत फिरला. चमचा उभा राहील असं काहीतरी तयार झालं. दुकानात असला ग्लास गिऱ्हाइकाने तोंडावर मारला असता.

तिची ही नोकरी बाबांच्या घशाखाली कधी उतरलीच नव्हती. वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक ते. एकदाच दुकानात आले, ग्लासातला बर्फ चमच्याने बशीत काढून ठेवला आणि म्हणाले, "आता सांग, मला विकलंस काय?" त्यानंतर तिथे पाऊल टाकलं नाही.

आता ते खुर्चीत उशीला टेकून बसले होते, शिकवल्याप्रमाणे हनुवटी खाली घेऊन. पहिला चमचा गेला. कंठ हलला. ठसका नाही. दुसरा. तिसरा. आई रुमालाने त्यांच्याऐवजी स्वतःचंच तोंड पुसत होती. चौथ्या चमच्याला बाबांनी डोळे मिटून चक्क मिटकी मारली. मुलीला भरून आलं. तिच्या हातचं त्यांना आवडलं होतं, आणि हे कळायला असा दिवस यावा लागला होता.

आणखी बरेच चमचे गेले. मग ओठ मिटले ते मिटलेच.

"बाबा, एवढंच राहिलंय. घ्या ना."

ते घामाघूम झाले होते. मान हलेना. तेवढ्यात बेल वाजली. आईने डोळ्यांनी खुणावलं, तशी मुलीने उरलेलं घाईघाईने स्वतःच संपवलं आणि ओठ पुसून दार उघडलं.

"काय काका, किती गेलं?" सिस्टरने बसता बसता कागद काढला.

"पूर्ण ग्लास!" आई म्हणाली. "तळ दिसेपर्यंत."

"अरे वा! मग नळीतून सुटलात की तुम्ही." सिस्टर हसून लिहायला लागल्या.

मुलीने सुटकेचा श्वास सोडला. बाबांचा धड असलेला हात खुर्चीवरून वर आला. जबडा थरथरला, मानेच्या शिरा ताठल्या. तीन आठवड्यांत त्यांच्या तोंडून एक शब्द सरळ फुटला नव्हता. हा मात्र तिघींनाही नीट ऐकू आला.

"अर्धा."