काजळीची रेघ

काजळी पार जमिनीपर्यंत उतरली होती.

निहाल पुन्हा खाली वाकली. चाचणीच्या खोलीच्या भिंती छतापासून फरशीपर्यंत एकसारख्या काळ्या पडल्या होत्या. आत ठेवलेला सोफा अर्धवट जळून विझला होता. छताला लावलेले नवे तक्ते मात्र एका कोपऱ्यात करपले होते, तेवढंच.

दार उघडं असतं तर धूर वरच्या अंगाने बाहेर पडला असता, खालून ताजी हवा आत आली असती, आणि काजळीची रेघ कमरेच्या वर थांबली असती. इथे रेघच नव्हती. म्हणजे आग पेटल्यावर कोणीतरी दार ओढून घेतलं होतं. हवा संपली, आग गुदमरली, तक्ते वाचले.

आणि हे तक्ते ईदनंतर समुद्रकाठच्या नव्या लग्नाच्या हॉलच्या छताला लागणार होते.

काल ती कैरोला बैठकीला गेली होती. प्रयोगशाळा आणि कालची चाचणी तिचे म्हातारे गुरू उस्ताद रिफअत यांच्या ताब्यात होती.

ते पलीकडच्या खोलीत, तापमान दाखवणाऱ्या काट्यांच्या यंत्रांसमोर चहा ढवळत बसले होते. "ये, पोरी. कैरोचे साहेब अजून बैठकीत घोरतात का?"

"उस्ताद, काल दार कोणी लावलं?"

चमचा थांबला. "घरी विसाम बरा आहे ना?"

"मी दाराचं विचारतेय."

म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला. "खोली माझ्या ताब्यात होती. लागलेलं दार माझ्या नावावर धर."

"तुमच्या? तुम्ही असं केलंत? त्या हॉलमध्ये पोरंबाळं नाचणार आहेत!"

"म्हणूनच म्हणतो, खोली पुन्हा जाळून बघ. सगळ्यांना बोलाव. दार सताड उघडं ठेव."

"पण का? काय कमी होतं तुम्हाला?"

"ते विचारू नकोस," उस्ताद म्हणाले, आणि चहा न पिताच उठले.

 शाळेच्या सहलीबरोबर निहाल पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिच्या दोन वेण्या होत्या. चाचणीच्या खोलीच्या दाराची, पिळाच्या लोखंडी सळईची मूठ तिने येताच घट्ट धरली होती. उस्तादांनी तिचा तळवा उलगडून सगळ्या मुलांना दाखवला होता. तळव्यावर सळईचा पीळ उमटला होता. "थंड होती म्हणून ही नक्षी आत्ता जाईल," ते म्हणाले होते. "तापलेली असती तर? म्हणून आगीत दार कुठल्या हाताने तपासायचं?" मुलं ओरडली होती, "उलट्या हाताने! तळव्याने नाही!" त्या दिवसापासून तिला आगीचाच नाद लागला. पुढे तिच्या लग्नात बाप नव्हता, तर वडीलकीच्या नात्याने उस्तादांनीच निकाहाच्या रिवाजाप्रमाणे पांढऱ्या रुमालाखाली नवरदेवाचा, विसामचा हात हातात घेतला होता.

तो माणूस असा निघाला.

घरी विसाम डाव्या हाताने मसूर ढवळत होता. उजव्या हाताला जाडजूड पट्टी. ती कैरोला असताना स्वारी मासे तळायला गेली आणि तापल्या तेलाची कढई कलंडली.

"आगीवर संशोधन करणाऱ्या बाईचा नवरा, आणि कढई सांभाळता येत नाही! दाखव बघू."

"नको. औषधवाल्याने बजावलंय, उघडायची नाही." मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. विसाम छतं बसवायचा. हॉलचं काम त्याला मिळालेलं पहिलं मोठं काम होतं, नमुन्याचे तक्तेही त्यानेच खोलीत बसवून दिले होते. चाचणी फसली तर काम जाणार, हे तिला बोलताना एकदम आठवलं.

"जाऊ दे गं कामाचं," तो हळूच म्हणाला. "पण म्हाताऱ्याची तक्रार नको करूस. माणसाच्या हातून एखादी चूक होते."

"चूक? फसवलंय त्यांनी मला!"

विसाम पुन्हा मसूर ढवळू लागला. केवढं मन आहे याचं, तिला वाटलं.

तिने तक्रार केली. विद्यापीठाचे प्रमुख आले, अग्निशमन दलाचे अधिकारी आले. दार सताड उघडं ठेवून खोली पुन्हा पेटवली. बघता बघता जाळ छताला लागला, तक्ते वितळून पेटते थेंब खाली गळू लागले आणि दारातून ज्वाळांचा लोळ बाहेर आला. सगळे मागे सरले. उस्ताद भिंतीला टेकून उभे होते. प्रमुखांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"काजळीने सांगितलंय ना," उस्ताद म्हणाले.

त्यांनी प्रयोगशाळेच्या किल्ल्या निहालच्या हातावर ठेवल्या. किल्ल्या ठेवणारे हात म्हातारे होते, पण स्वच्छ, मऊ, कुठे ओरखडाही नसलेले. तिने नजर वर केली नाही.

"शाळेची पोरं येत राहतील," ते म्हणाले. "उलटा हात शिकवत जा त्यांना. बाहेरच्या माणसाला ते माहीत नसतं."

 ते जिना उतरून गेले, एकदाही मागे न बघता.

दुपारी ती घरी आली तेव्हा विसाम सज्ज्यातल्या बाकावर गाढ झोपला होता. उकाड्यात पट्टी सुटून खाली लोंबत होती. तिने मलमाची डबी उघडली, त्याच्याजवळ बसली आणि पांढरी पट्टी अलगद बाजूला सारली.

तळव्यावर तेल उडून भाजल्याचा एकही डाग नव्हता. बोटांच्या मुळाशी, एका आडव्या पट्ट्यात, लालभडक तिरप्या रेघा उमटल्या होत्या, एकीला लागून दुसरी, पिळाच्या सळईसारख्या.