पोस्टरवरची बाई

“कुणाचा विश्वास बसायचा नाही, साहेब, पण पोस्टरवरची ती बाई माझी बायको नव्हेच!” पेंटरने ठोकून दिलं. संस्थेला मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियांसाठी अनुदान मिळालं होतं, पण अट अशी की आधी जाहिरात, मग शस्त्रक्रिया. आता बरी झालेली बाई आधीच आणायची कुठून? पेंटरने मोतीबिंदू झालेल्या आपल्या बायकोलाच समोर बसवलं, टपोरे डोळे रंगवले आणि खाली लिहिलं, ‘मला स्पष्ट दिसतं!’ आज शस्त्रक्रियेच्या यादीतून तिचंच नाव उडालं होतं. संस्थेचे साहेब चक्रावून एकदा पोस्टरकडे, एकदा दाराशी चाचपडणाऱ्या बाईकडे बघत होते. “अहो, चेहरा तर हाच! झालेली शस्त्रक्रिया पुन्हा कशी करायची?” “ती हिची जुळी बहीण, साहेब! लग्नानंतर आठवडाभर मी चुकून तिच्याशीच भांडत होतो!” पेंटरने बायकोला हळूच डोळा मारला. “काहीतरीच काय!” बायको म्हणाली, “मला कुठली आलीय बहीण?”