परागचा नियम

"ज्याने सांभाळलं, त्याचं. सिंपल," पराग म्हणाला. "उगाच कोर्टकचेरी कशाला?"

बेव्हर्ली पार्कमधला फ्लॅट त्याच्या नावावर होता, त्यामुळे त्याबद्दल बोलायचंच नव्हतं. रुचिता आणि तो सात वर्षं एकत्र राहिले, लग्न तेवढं राहून गेलं. तिने विषय काढला की तो म्हणायचा, कागदाने काय फरक पडतो? आता वेगळं होताना तो फरक परागच्या चांगलाच पथ्यावर पडत होता.

टीव्ही त्याचा, कारण दुरुस्तीवाल्याला फोन तो करायचा. गाडी त्याची, कारण धुवायला माणूस त्याने लावला होता. रुचिता नुसती मान डोलवत होती.

"तुला काय हवंय ते बोल ना," तो उदारपणे म्हणाला.

"बाथरूममधलं स्टूल. आणि खलबत्ता."

पराग हसला. "प्लॅस्टिकचं स्टूल? घे बाई, घे."

"आणि गणपतीचा पाट."

त्या घरातली तीच एक वस्तू तिला मनापासून हवी होती. दरवर्षी आरास तिची, मोदक तिचे, पाटाला पॉलिशही तीच करून आणायची. परागचा चेहरा मात्र बदलला. पाट मुर्धा गावातल्या त्यांच्या जुन्या घरातला होता, त्याच्या आजोबांनी करून घेतलेला.

"तो आमच्या घराण्याचा आहे. तिथे हा नियम नाही चालणार."

"का? सांभाळला मीच ना?"

"आईला विचार."

गिरिजाबाई सोफ्यावर बसून सगळं ऐकत होत्या. परागचे वडील गेल्यावर त्या मुर्ध्याहून इथे आल्या, त्या इथल्याच झाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी रुचिताला एकदाही सून म्हटलं नव्हतं. त्या कोणाची बाजू घेणार, याची परागला पुरेपूर खात्री होती.

"पाट घरचा हाय," गिरिजाबाई म्हणाल्या. "तो परागकडंच राहील."

रुचिताचे डोळे भरून आले. परागला थोडं वाईट वाटलं, पण जिंकल्याचं बरंच जास्त वाटलं. त्याच खुशीत त्याने पॅसेजमधल्या बॅगा आणि एक जड लाल पेटी स्वतः खाली नेऊन टेम्पोत चढवली. उगाच कोणी म्हणायला नको, पराग मनाचा कोता आहे म्हणून.

घामाघूम होऊन वर आला, तर आई चपला घालत होती.

"तू कशाला उतरतेस? गुडघा दुखेल. इथूनच टाटा कर."

गिरिजाबाईंनी आधारासाठी हात पुढे केला. रुचिताने तो सवयीने धरला.

"पाट तू ठेव, बाबा," त्या म्हणाल्या. "तुझ्याच नियमानं मी हिची."

मग त्या रुचिताकडे वळल्या.

"माझं स्टूल ठेवलंस ना टेम्पोत, सूनबाई?"