आनंदाची मनाई

"आबा, मी परीक्षेला जाते," मेघना दारातूनच म्हणाली. तिच्या नखांना हळद लागलेली होती.

घरातली महिनाभराची कुजबुज केरबांना आता उलगडली. आज लेकीचं लग्न होतं.

वर्षापूर्वी केरबांच्या मानेच्या दोन्ही बाजूंच्या गाठी काढल्या, तेव्हा रक्तदाबाची खबर मेंदूला पोचवणाऱ्या नसाही गेल्या. तेव्हापासून दाबाला आवर घालणारं काही उरलं नव्हतं. "राग, रडू, आनंद, काहीच सोसणार नाही. डोक्यातली शीर फुटेल," डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवाळीत धाकटा भाऊ अचानक दारात दिसला, तर नुसत्या आनंदानं दाब अडीचशेवर गेला होता.

लेकीला पोटाशी धरावंसं वाटलं आणि केरबांची कानशिलं ठणकू लागली. त्यांनी नजर छताकडे वळवली आणि मनातल्या मनात उलटे आकडे मोजले.

"पेपर नीट लिही," ते एवढंच म्हणाले.

ती गेल्यावर बायकोनं यंत्राचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला. "आज दाब अगदी छान आहे हो!" ती हायसं वाटून म्हणाली.

लेक सासरी निघाली असताना काहीच वाटून न घेणं केरबांना आता जमू लागलं होतं.