धोका क्रमांक एक

"धोका काहीच नाही, असं लिहून चालत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "लोकांना शेअर विकायचे तर आपलं काय काय बिघडू शकतं, ते आधी छापावं लागतं. कायदाच आहे. बोला."

दादाची पंचाईत झाली. बढाया मारायला सांगितलं असतं, तर दिवस मावळेपर्यंत मारल्या असत्या. 'मी ही कंपनी उभी केली' हे शेअर घेणाऱ्यांसाठी छापायच्या माहितीपुस्तिकेतलं पहिलं वाक्य त्याचंच. उद्या किती माल खपेल, ते कंपनीचं सॉफ्टवेअर बेकरीवाल्यांना आजच सांगायचं. ते लिहिलं होतं धाकट्या बहिणीने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. पण त्या पानावर ती औषधालाही नव्हती.

ती समोरच बसली होती. 'शेअर विकले गेले की मी चालले', हे वाक्य तिने जिना चढताना घोकून ठेवलं होतं. बैठक आटोपली की सांगून मोकळं व्हायचं.

दादाने मान खाजवली. "दुसरी एखादी कंपनी आली तर... वीज गेली तर..."

"ते सगळेच लिहितात. खरं सांगा, तुमची झोप कशाने उडते?"

दादाने हातातलं पेन खाली ठेवलं. मग बहिणीकडे न बघता म्हणाला, "लिहा. ही गेली तर दुकान बंद. मला त्या सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही. मी नुसता बोलतो."

तिला भरून आलं. इतकी वर्षं ती ह्याच वाक्याची वाट बघत होती, आणि ते आलं ते असं, वीज जाण्याच्या रांगेत.

"हे कधी बोलला नाहीस, दादा."

"कोणी विचारलंच नाही. आज कायद्याने विचारलं."

राग होताच, तरी तिला हसू आलं.

"धोका क्रमांक एक," वकीलबाई लिहिता लिहिता थांबल्या आणि तिच्याकडे वळल्या. "तुमचा जायचा विचार असेल, तर तेही छापावं लागेल. आहे का?"

दादाने आता कुठे तिच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"मघापर्यंत होता," ती म्हणाली.

 दादाने पहिलं पान पुढ्यात ओढलं, 'मी' खोडून 'आम्ही' लिहिलं आणि पान तिच्याकडे सरकवलं.

"'आम्ही' नको. राजेसुद्धा स्वतःला आम्हीच म्हणतात. तुझा काय भरवसा?" तिने पेन घेऊन 'आपण' केलं.

वकीलबाईंनी चष्मा सावरला. "अहो, पण 'आपण उभी केली' म्हटलं, तर उद्या शेअर घेणाऱ्यालाही वाटेल, ह्यात तोही होता."

तिने जरा विचार केला. मग 'केली' खोडलं आणि वर लिहिलं, 'करत आहोत'.