धक्का

आजोबांची जुनी पेट्रोल गाडी थंडीत चोक ओढूनही सुरू होत नसे. मग रोज सकाळी गल्लीतले चौघे धक्का मारायला येत. “आजोबा, हिच्यापेक्षा गाढव पाळा, निदान हाकलं तर हलेल!” समोरचा शिंपी ओरडायचा. आजी गेल्यापासून दिवसभरात कानी पडणारं माणसाचं बोलणं तेवढंच.

काल परगावच्या लेकानं मेकॅनिक धाडला. त्यानं कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले.

आज किल्ली फिरवताच इंजिन गुरगुरलं. गल्लीत चिटपाखरूही फिरकलं नाही. आजोबांनी देवाचं नाव घेत गाडी बंद केली, काच खाली केली आणि हाक मारली, “अरे, आज पुन्हा रुसली रे!”

 

मघाशी इंजिनाचा आवाज स्पष्ट ऐकलेला शिंपी हातातली शिलाई टाकून, बाह्या सरसावत सगळ्यांत आधी धावला, “म्हटलं नव्हतं, गाढव पाळा!”